आमदाराची माहिती नेमकी कुठे मिळते? शपथपत्र पोर्टल, मायनेता आणि विधानसभेचे संकेतस्थळ: इंदूरच्या मराठी मतदारांसाठी परीक्षण

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत. देपालपूर (२०३), इंदूर-१ ते इंदूर-५ (२०४ ते २०८), डॉ. आंबेडकर नगर-महू (२०९), राऊ (२१०) आणि सांवेर (२११). यांपैकी कुठल्याही जागेच्या आमदाराची पार्श्वभूमी, निवडणुकांचा इतिहास आणि कामातले अग्रक्रम घरबसल्या तपासायचे असतील तर तीन सेवा हाताशी आहेत आणि तिन्ही फुकट आहेत: निवडणूक आयोगाचे शपथपत्र पोर्टल (उमेदवाराने अर्जासोबत शपथेवर दिलेली संपत्ती, देणी आणि खटल्यांची माहिती), असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) या संस्थेचे मायनेता हे संकेतस्थळ (तीच माहिती तक्त्यांत) आणि मध्य प्रदेश विधानसभेचे संकेतस्थळ. आधीच सांगायचे तर पार्श्वभूमीसाठी आयोगाच्या पोर्टलला तोड नाही, पण ते वाचायला शिकावे लागते. मायनेता सोपे आहे, म्हणून लोक तिथेच थांबतात, आणि थांबू नये. अग्रक्रमांचा शोध मात्र विधानसभेच्या संकेतस्थळावरच लागतो. सर्वांत कमी पाहिले जाणारे ठिकाणही तेच.

पहिली अडचण साधी आहे, पण बरेच जण तिथेच अडतात: आपला मतदारसंघ कोणता? महापालिकेचे ८५ वॉर्ड वेगळे आणि विधानसभेच्या जागा वेगळ्या. नंदानगर इंदूर-२ मध्ये येते, सुदामा नगर इंदूर-४ मध्ये. सीमेवरच्या वसाहतींत समोरासमोरच्या गल्ल्या दोन वेगळ्या जागांत असू शकतात. जुन्या मतदार ओळखपत्रावर विसंबू नका. २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना लागू झाली, त्याआधीच्या कार्डावरचा क्रमांक आता चालत नाही. आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्डाचा क्रमांक टाकला की विधानसभा क्रमांक आणि मतदार यादीचा भाग क्रमांक दोन्ही मिळतात. दोन्ही टिपून ठेवा, भाग क्रमांक पुढे बूथनिहाय निकालात लागतो.

आता शपथपत्र पोर्टल. निवडणुकीचा प्रकार, राज्य, टप्पा आणि मतदारसंघ असे एकामागून एक निवडायचे. मध्य प्रदेशात २०२३ ची निवडणूक एकाच टप्प्यात १७ नोव्हेंबरला झाली, मतमोजणी ३ डिसेंबरला. शोध नेहमी मतदारसंघावरून घ्या, नावावरून नको. रोमन लिपीत नावाची स्पेलिंगे फिरतात: इंदूर-४ च्या मालिनी गौड यांचे आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले सापडते, आणि टोपणनाव कंसात घालून अर्ज भरणारे उमेदवार तर गल्लोगल्ली आहेत. महूही ‘महू’ म्हणून शोधली तर चुकते, यादीत ती ‘डॉ.’ पासून सुरू होते.

यादी उघडली की एकच चेहरा दोन-तीनदा दिसेल. गोंधळू नका. एका उमेदवाराला एका जागेसाठी चार अर्जांपर्यंत भरता येतात आणि प्रत्येक अर्जाची वेगळी नोंद होते. नोंदीपुढे अर्जाची स्थिती असते: दाखल, स्वीकृत, फेटाळलेला, मागे घेतलेला, प्रत्यक्ष लढतीत. लढतीत असलेला निवडा. शपथपत्रात त्रुटी निघाल्यावर सुधारित शपथपत्र जोडलेले असेल तर नंतरच्या तारखेचे ग्राह्य धरा. पक्षाचा पर्यायी उमेदवारही यादीत असतो. मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की त्याचा बहुधा बाद होतो, म्हणून ‘फेटाळलेला’ हा शिक्का पाहून लगेच संशय घेऊ नये. ‘नो युवर कँडिडेट’ नावाचे वेगळे ॲप होते, ते आता आयोगाच्या ईसीआयनेट या एकत्रित ॲपमध्ये सामावले आहे.

फाइल उतरवली की हाती येते ते छायाचित्र. कागद स्कॅन केलेले असतात, त्यामुळे शब्द शोधता येत नाहीत. पोर्टलची खरी उणीव हीच. सगळ्या देशाच्या उमेदवारांची माहिती एका छापील नमुन्यात येते, आणि तरी ती आकड्यांच्या तक्त्यात मिळत नाही, हे मतदारावर अन्याय करणारे आहे. भाषेचा प्रश्न मात्र इंदुरात फारसा नाही. कागद हिंदीत असतो आणि इथला मराठी माणूस हिंदी रोज वाचतो. काही शब्दच अडतात: चल संपत्ति म्हणजे जंगम, अचल म्हणजे स्थावर, दायित्व म्हणजे देणी, लंबित प्रकरण म्हणजे न्यायप्रविष्ट खटला, दोषसिद्धि म्हणजे गुन्हा शाबीत होणे, आणि ‘निरंक’ म्हणजे शून्य. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रकाना कोरा सोडता येणार नाही. निवडणूक अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही तो कोराच राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून ‘निरंक’ हे विधान आहे. तो शब्द शपथेवर लिहिलेला असतो.

या कागदाचे नाव नमुना २६. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४-अ हा नियम आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ३३-अ कलम हा त्याचा आधार. मागे २००२ आणि २००३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. वाचताना पहिल्या पानापासून सुरुवात केली की दमछाक होते. आधी शेवटचा भाग ‘ख’ उघडा, तो सारांश आहे. मग मूळ रकान्यांत जाऊन बेरीज पडताळा. सारांश आणि तपशील जुळत नसतील तर तिथे पेन्सिलची खूण करा.

उत्पन्नाचा तक्ता सर्वांत उपयोगी, पण २०१८ आणि २०२३ च्या कागदांत तो सारखा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये नमुना बदलला. त्याआधी शेवटच्या एका वर्षाच्या विवरणपत्राचे उत्पन्न लिहायचे होते; त्यानंतर उमेदवार, जोडीदार, हिंदू अविभक्त कुटुंब आणि आश्रित या सगळ्यांचे पाच-पाच वर्षांचे लिहावे लागते. म्हणजे २०२३ च्या एकाच पानावर जवळपास पूर्ण कार्यकाळाची कमाई दिसते. सावधगिरी एकच: शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रातल्या एकूण उत्पन्नात ते धरलेले नसते. माळव्यात शेती असलेल्या उमेदवाराचे करपात्र उत्पन्न लहान आणि जमीन मोठी, हे चित्र म्हणूनच सर्रास दिसते. उत्पन्नाच्या स्रोतांचा रकाना त्याच्या बाजूला ठेवून वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सरकारी कंत्राटांचा रकानाही तिथेच जवळ आहे आणि तो वगळू नये.

जमिनीच्या रकान्यांत सर्वांत जास्त फसगत होते. महाराष्ट्रात सर्व्हे नंबर किंवा गट नंबर म्हणतात तो इथे खसरा क्रमांक. नमुन्यात शेतजमिनीचे क्षेत्र एकरात विचारलेले असते, पण इथल्या जमीन नोंदीत ते हेक्टरात असते. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, इथल्या हिशेबाने सुमारे चार बिघे. रकान्यात खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली, त्यावर केलेला खर्च आणि आजची अंदाजे किंमत अशी माहिती असते. आजची किंमत उमेदवाराने स्वतः धरलेला अंदाज आहे हे विसरले की ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट’ असे मथळे तयार होतात. समजा २०१८ मध्ये दोन हेक्टर जमीन ४० लाखांची दाखवली आणि २०२३ मध्ये तीच १ कोटी २० लाखांची. खसरा तोच, क्षेत्र तेच, तर माणसाने नवे काहीच घेतलेले नाही, भाव वाढला किंवा अंदाज बदलला. उलट एकूण रक्कम फारशी हललेली नसली तरी दोन नवे खसरा क्रमांक आले असतील तर प्रश्न विचारण्याजोगा आहे. म्हणून रकमा नव्हे, खसरा क्रमांक जुळवा. एमपी भूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नोंदीतले मालकाचे नाव आणि क्षेत्र पाहता येते, आणि किमतीचा अंदाज कलेक्टर गाइडलाइनवरून (महाराष्ट्रातल्या रेडी रेकनरसारखी) बांधता येतो. जमिनीचे भाव झपाट्याने वाढलेल्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या आसपास तर ही पडताळणी केल्याशिवाय एकूण आकड्याला काही अर्थच नाही.

वाहनांच्या रकान्यात नोंदणी क्रमांक आणि खरेदीचे वर्ष, दागिन्यांच्या रकान्यात वजन आणि किंमत. इथे एक निकाल ध्यानात असावा. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की राहणीमानावर मोठा प्रकाश पाडत नसेल तर प्रत्येक किरकोळ जंगम वस्तू उमेदवाराने जाहीर केलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे घड्याळ लिहिले नाही म्हणून आरडाओरडा करण्यापेक्षा देण्यांचा रकाना वाचणे जास्त फायद्याचे. कर्ज कोणाकडून आहे, बँकेकडून की एखाद्या व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून? सरकारी निवासस्थानाचे भाडे, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी आहे का?

खटल्यांचा रकाना वाचताना संख्या मोजू नका, कलमे वाचा. २०२३ च्या कागदांत भारतीय दंड संहितेची जुनी कलमे आहेत, कारण भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. १८८ (आदेशाचा भंग), १४७ (दंगा), ३४१ (वाट अडवणे) ही आंदोलनात पुढे असलेल्या कुठल्याही कार्यकर्त्यावर सहज लागतात. ४२० (फसवणूक) किंवा ३०७ (खुनाचा प्रयत्न) हा वेगळा मामला. पुढचा प्रश्न आरोपनिश्चिती झाली का, हा. ती तारीख त्याच ओळीत असते. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली तर आमदारकी जाते, म्हणून दोषसिद्धीचा रकाना आणि अपिलाची स्थिती एकत्र वाचावी. गुन्हेगारी खटले असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर तीन वेळा जाहीर निवेदन द्यावे लागते, आणि हाच उमेदवार का निवडला याची कारणे पक्षाला ४८ तासांत प्रसिद्ध करावी लागतात. ‘लोकप्रिय आहे’ एवढे कारण पुरत नाही, जिंकून येण्याची क्षमता हे एकटे कारण चालणार नाही असे न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे.

मायनेताबद्दल थोडक्यात. एडीआर १९९९ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी स्थापली, आणि शपथपत्रे उघड करण्याचा न्यायालयीन लढाही तिचाच. आयोग जे तक्ते देत नाही ते ही संस्था हाताने टंकून देते, हे उपकारच आहेत. पण तिथली एकूण मालमत्ता म्हणजे जोडीदार आणि आश्रितांसह बेरीज, ‘गंभीर गुन्हे’ हे वर्गीकरण संस्थेच्या निकषांवर केलेले, आणि हस्तलिखित कागदावरून टंकताना एखादे शून्य इकडेतिकडे होऊ शकते. आकडा इतरांना पाठवण्याआधी मूळ कागदाशी एकदा ताडून बघा.

निवडणूक इतिहासासाठी आयोगाचे सांख्यिकी अहवाल भरवशाचे आहेत आणि ते पहिल्या निवडणुकीपर्यंत मागे जातात. मराठी वाचकाला इथे एक गंमतीची खोच सापडेल. १९५१-५२ च्या ‘मध्य प्रदेश’ अहवालात इंदूर नाही, तिथे नागपूर आहे! तेव्हा इंदूर मध्य भारत राज्यात होते, म्हणून मध्य भारताचा अहवाल उघडायचा. १९५७ पासून मात्र आपण मध्य प्रदेशात. याच अहवालांत १९८५ मध्ये इंदूर-३ मधून सुमित्राताई महाजन विधानसभा हरल्याची नोंद आहे. चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, त्या लोकसभेवर गेल्या आणि पुढे २०१४ पर्यंत सलग आठ वेळा जिंकल्या. शपथपत्रे मात्र त्या काळात नव्हतीच, ती २००३ नंतरची.

निकालांची तुलना करताना २००८ ची रेघ ओलांडू नका. राऊ ही जागाच तेव्हा निर्माण झाली, आणि इंदूर-५ नाव तेच राहिले तरी हद्द बदलली. मताधिक्याच्या आकड्यानेही दिशाभूल होते. २०२३ मध्ये इंदूर-२ मधून रमेश मेंदोला १,०७,०४७ मतांनी जिंकले, राज्यातले सर्वांत मोठे मताधिक्य. पण इंदूर-३ हा शहरातला सर्वांत लहान मतदारसंघ आणि इंदूर-५ सर्वांत मोठा, त्यामुळे मताधिक्य नव्हे तर मतांची टक्केवारी जुळवावी. एकूण चित्रही पाच वर्षांत उलटले: २०१८ मध्ये जिल्ह्यात भाजप पाच आणि काँग्रेस चार, २०२३ मध्ये नऊच्या नऊ भाजप.

बूथनिहाय आकडे नमुना २० या अंतिम निकालपत्रकात मिळतात, मध्य प्रदेशच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर. नेहमीची चूक अशी: २०१८ चे बूथ ११२ आणि २०२३ चे बूथ ११२ एकच समजणे. मतदार वाढले की बूथ फोडतात, क्रमांक सरकतात. दोन्ही वर्षांच्या मतदान केंद्रांच्या याद्या शेजारी ठेवून शाळेच्या नावावरून जुळवा. टपाली मते शेवटी वेगळी असतात.

या सगळ्या सेवा एकाच जागेवर घासून पाहायच्या तर सांवेर घ्या. तुळशीराम सिलावट २०१८ मध्ये काँग्रेसकडून २,९४५ मतांनी जिंकले, मार्च २०२० मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, नोव्हेंबर २०२० ची पोटनिवडणूक ५३,२६४ मतांनी आणि २०२३ ची ६८,८५४ मतांनी जिंकले. पाच वर्षांत तीन निवडणुका, म्हणून तीन शपथपत्रे. इतर आठ जागांवर दोन कागदांत पाच वर्षांचे अंतर असते, इथे मधला टप्पाही सापडतो. मात्र पोर्टलवर पोटनिवडणूक सर्वसाधारण निवडणुकीच्या यादीत मिळत नाही, निवडणुकीचा प्रकार बदलून शोधावी लागते.

अग्रक्रमांकडे येऊ. शपथपत्रात यातले काही नसते आणि प्रचारपत्रकात जे असते ते सगळ्यांचे सारखेच. विधानसभेच्या संकेतस्थळावरचा ‘सदस्य परिचय’ आमदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर असतो, शिक्षण आणि पूर्वीची पदे पाहण्यापुरता चांगला. खरा ऐवज प्रश्नोत्तरांत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आमदाराचे नाव घेऊन दोन-तीन सत्रांचे प्रश्न एका कागदावर उतरवा आणि बाजूला विभाग लिहा. आपल्या भागातला नाला किंवा रस्ता विचारणारे प्रश्न एका बाजूला, संपूर्ण विभागाचा हिशेब मागणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या गटावरून त्याचा खरा कल कळतो. एकच विषय तीन सत्रांत परत आला असेल तर तो त्याचा अग्रक्रम, बाकी प्रासंगिक. इंदूरच्या हुकूमचंद कापड मिलच्या कामगारांची देणी हा असा विषय होता: मिल १९९१ मध्ये बंद पडली, पैसे वाटायला डिसेंबर २०२३ उजाडले. मधल्या वर्षांत कोणी किती वेळा विचारले हे कार्यवाहीत शोधणे म्हणजे या संकेतस्थळाची उत्तम चाचणी.

उत्तरांत एक वाक्य वारंवार भेटेल: ‘जानकारी एकत्रित की जा रही है’. हा आमदाराचा दोष नव्हे. पण त्याने पुढच्या सत्रात तोच प्रश्न पुन्हा लावला का, हे पाहावे. आणि शून्य प्रश्न दिसले की आळशी ठरवण्याआधी तो मंत्री आहे का ते बघा, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. सिलावट जलसंसाधन मंत्री आहेत, इंदूर-१ चे कैलाश विजयवर्गीय नगरविकास मंत्री. त्यांचे अग्रक्रम त्यांच्या विभागाच्या उत्तरांत आणि अनुदान मागण्यांवरील भाषणांत शोधायचे. खासदारांची हजेरी आणि प्रश्न पीआरएस ही संसदेच्या कामाचा अभ्यास करणारी संस्था नीट मोजून देते, आमदारांचे काम मात्र हाताने करावे लागते. एका आमदारासाठी एक रविवार लागतो.

शपथपत्रात खोटे आढळले तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण त्यासाठी न्यायालयात तक्रार करावी लागते. निवडच रद्द करून घ्यायची तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, आपल्याकडे इंदूर खंडपीठात. अर्ज भरण्याच्या दिवसांत आणखी एक सोपा मार्ग असतो: कोणीही नागरिक प्रति-शपथपत्र देऊ शकतो आणि तेही मूळ शपथपत्रासोबत प्रसिद्ध होते. वेळ मात्र थोडा मिळतो, कारण नमुना २६ शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत येऊ शकतो आणि पोर्टलवर चढायला २४ तासांची मुदत आहे. पुढची विधानसभा निवडणूक २०२८ च्या अखेरीस अपेक्षित आहे. तेव्हा नवा कागद हातात आल्यावर जुना शोधत बसायला वेळ नसेल, म्हणून आपल्या जागेची २०१८ आणि २०२३ ची शपथपत्रे आत्ताच उतरवून, फाइलला मतदारसंघ क्रमांक आणि वर्ष देऊन, खसरा क्रमांकांची यादी वेगळ्या कागदावर काढून ठेवा.